इमारतीवरचे शिंपले, शंख आणि लाटांची नक्षी: दुरुस्ती कुठून सुरू करावी?

कोनाडा यांचा प्रश्न

एका जुन्या तीन मजली इमारतीच्या दर्शनी भागाची नोंद आणि दुरुस्तीचा आराखडा करायचा आहे. नक्षी सगळी समुद्राची. काय काय आहे ते सांगतो.

पहिल्या मजल्यावर पाच अर्धगोल कोनाडे आहेत, रुंदी ६०० मि.मी. प्रत्येकाच्या माथ्याला आतल्या बाजूने दिसणारा पंख्यासारखा शिंपला आहे. दोन कोनाड्यांतल्या शिंपल्यांच्या पन्हळी (लांब खोबणी) रंगाच्या थरांनी जवळजवळ बुजल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर खिडक्यांच्या डोक्यावर उठावातले सुटे शिंपले आहेत, ४५ सें.मी. रुंद आणि ४० सें.मी. उंच. मूळ आठ होते. तीन तडकलेत, एक पूर्ण गळून पडलाय. तडे सरळ रेषेत आहेत आणि त्यांतून तपकिरी ओघळ आलेत.

दरवाजाच्या दोन बाजूंना पीळदार शंख होते. डावा शाबूत आहे, उजव्याच्या जागी फक्त खड्डा. कमानीच्या माथ्यावर नॉटिलससारखी (गोल वेटोळ्याच्या कवचाचा समुद्री प्राणी) चक्राकार आकृती आहे, तिची आतली वेटोळी झिजून सपाट झालीत.

छज्जाखाली समुद्रघोड्यांचा निळसर-हिरवा चकचकीत पट्टा आहे. टिचकी मारली की पोकळ वाजतो. जोत्यावर लाटांचा पट्टा होता, लांबी ७.४० मीटर. त्याचे दोनच तुकडे उरलेत, त्यांवरून एका लाटेची लांबी १८२ मि.मी. येते.

ठेकेदाराचं म्हणणं, चांगल्या शिंपल्यावरून रबराचा साचा काढू, पीओपीत ओतू, वरून सिमेंटचा हात आणि रंग. मला हे पटत नाही, पण नकार द्यायला नेमकी कारणं हवीत. शिवाय उजवा शंख डाव्यासारखाच करायचा की आरशातल्यासारखा उलटा? आणि १८२ चा हिशेब ७.४० मीटरमध्ये बसत नाही, त्याचं काय करायचं?

---

सुरखी

आधी पीओपीचं. पीओपी म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम पाण्यात विरघळतं, लिटरला साधारण २ ग्रॅम. ऐकायला कमी वाटतं, पण शिंपल्याच्या धारांवरून पावसाळाभर पाणी वाहतं आणि सगळ्यात आधी त्या धाराच बोथट होतात. वर सिमेंटचा थर दिला तर आणखी वाईट. सिमेंट आणि जिप्सम ओलाव्यात एकत्र आले की सल्फेटची प्रक्रिया सुरू होते, फुगवटा येतो आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. जिप्सम घरातल्या छताला ठीक, बाहेर अजिबात नको.

आता मूळ शिंपले कशाचे आहेत ते तपासा. भिंतीवर काही करू नका, खाली गळलेला कपचा घ्या. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम असण्याची शक्यता. मग पातळ आम्लाचा एक थेंब टाका. चुन्यावर फसफसतं, शुद्ध जिप्समवर नाही. चुनखडीचा दगड आणि सिमेंट यांच्यावरही फसफसतं, म्हणून तुटलेली कड भिंगातून बघा. पांढरट किंवा विटकरी, मऊ, मधूनच न विरलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके असले तर चुन्याचा गिलावा. एकसारखा करडा आणि टणक असला तर सिमेंट. वाळूचे कण अजिबात दिसत नसतील आणि आतून थर उलगडत असतील तर दगड असू शकतो.

तुमच्या वर्णनावरून कोनाडे आणि सुटे शिंपले चुन्याचे वाटतात, छज्जाखालचा पट्टा झिलईचा टेराकोटा, म्हणजे भाजलेली माती. म्हणजे एकाच भिंतीवर दोन वेगळी कामं आहेत. एकाच माणसाकडे एकाच मालातून दोन्ही देऊ नका.

सरळ तडा आणि तपकिरी ओघळ म्हणजे आत लोखंडी खिळा किंवा सळई आहे. ताजा चुना लोखंडाला सांभाळतो कारण तो तीव्र अल्कली असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो चुनखडी झाला की ते संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो आणि शिंपला आतून फोडतो. वरून तडा बुजवून उपयोग शून्य, लोखंड बाहेर यायलाच हवं. जाळीसारखे बारीक तडे असते तर तो गिलावा वाळताना आकसल्याचा प्रकार, आणि पृष्ठभाग पिठासारखा झडत असता तर लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून उरलेल्या सातही शिंपल्यांच्या रेखाटनावर तडे तीन रंगांत उतरवून घ्या.

---

ओळंबा

साच्याआधी आकाराचं बोलू, कारण यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या कायमच्या भिंतीवर राहतात.

कोनाड्याचा शिंपला: पन्हळी किती आहेत ते मोजा. बहुतेक वेळा संख्या विषम असते, म्हणजे मधोमध एक पन्हळ येते आणि धार येत नाही. समजा ११ आहेत. ६०० रुंदीच्या कोनाड्यात त्रिज्या ३००, अर्धवर्तुळाची कड ९४२ मि.मी., म्हणून बाहेरच्या टोकाला एक पन्हळ ८५.६ मि.मी. रुंद. बिजागरीपाशी, म्हणजे सगळ्या पन्हळी एकत्र येतात त्या टोकाशी, ४० त्रिज्येचा गोल सोडला तर तिथे तीच पन्हळ ११.४ मि.मी. उरते. रुंदी ज्या प्रमाणात घटते त्याच प्रमाणात खोलीही घटायला हवी. बाहेर रुंदीच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे २१ मि.मी. खोल असेल, तर बिजागरीपाशी फक्त ३ मि.मी. कारागीर एकाच गोल पट्टीने वरपासून खालपर्यंत ओढतो तेव्हा खोली सारखी राहते आणि शिंपल्याऐवजी कौलांच्या उताराचा भास होतो. तीन मापांच्या तीन गोल पट्ट्या करा: कडेसाठी, मधल्यासाठी, बिजागरीसाठी. मधलं हाताने जुळवायचं.

हा ३ मि.मी.चा आकडा लक्षात ठेवा. तुमच्या दोन कोनाड्यांत पन्हळी बुजल्यात त्याचं उत्तर इथेच आहे. रंगाचे १५-२० हात चढले की आधी बिजागरीजवळचा भाग भरतो. आकार झिजलेला नाही, झाकलेला आहे. नव्याने कोरायला घेऊ नका, रंग उतरवा. जुना रंग असल्याने त्यात शिसं आहे असं धरूनच चाला: कोरडं घासणं नाही, ज्योत नाही, ओल्या पद्धतीने आणि लाकडी-प्लास्टिकच्या पात्यांनी. त्याआधी एका कोपऱ्यात धारदार पात्याने थरांचा छोटा काप घेऊन भिंगाखाली बघा, मूळ रंग तळाशी सापडतो.

बिजागरी वर की खाली, तेही नोंदवा. दोन्ही प्रकार जगभर आहेत. पाचांपैकी एक जरी कोनाडा नंतर कुणी उलटा बांधला असेल तर तो लगेच ओळखू येईल.

नॉटिलस: इथे लोक हमखास सुवर्ण गुणोत्तराची (१.६१८) वेटोळी काढतात, आणि ती चूक आहे. खऱ्या नॉटिलसची त्रिज्या एका पूर्ण फेऱ्यात साधारण तिप्पट होते, सुवर्ण वेटोळ्याची ६.८५ पट. बाहेरची त्रिज्या १५० धरा. एक फेरा आत गेल्यावर नॉटिलस ५० वर येतो, सुवर्ण वेटोळं २२ वर. फरक रस्त्यावरूनही दिसतो, सुवर्ण वेटोळी विरळ आणि भोवऱ्यासारखी वाटतात. आखणी सोपी आहे: दर ३० अंशांना त्रिज्येला १.०९६ ने भागत जा. १५०, १३७, १२५, ११४ असं बारा पावलांत ५० वर पोचता. पण आधी शाबूत बाहेरच्या वेटोळ्यावर मोजून बघा. मूळ कारागिराने कंपासच्या तुकड्यांनी आयोनिक खांबाच्या (ग्रीक शैलीचा खांब) माथ्यासारखी वेटोळी काढली असेल तर गुणोत्तर ठिकठिकाणी बदलेल, आणि मग तीच पद्धत पाळायची. निसर्ग दुरुस्त करणं आपलं काम नाही, इमारत दुरुस्त करणं आहे.

जोत्याच्या लाटा: ७४०० भागिले १८२ म्हणजे ४०.६६. अर्धवट लाट कोपऱ्यावर कापू नका. ४१ लाटा घेतल्या तर एक १८०.५ ची, फरक एक टक्क्याच्या आत. ४० घेतल्या तर १८५, फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत. दोन्ही डोळ्याला कळत नाहीत. निर्णय दिशेवर आहे. दोन उरलेल्या तुकड्यांवर लाटांची तोंडं एकाच दिशेला असतील तर ४१. एक डावीकडे आणि एक उजवीकडे वळलेली असेल तर पट्टा मधोमध दरवाजाच्या अक्षावर समोरासमोर भिडत होता, तेव्हा सम संख्या हवी, म्हणजे ४०. तुकडे भिंतीवर नेमके कुठे आहेत ते कोपऱ्यापासून मि.मी.त मोजा. १८५ किंवा १८०.५ च्या पटीत कोणतं बसतं ते बघितलं की उत्तर मिळेल.

---

शंखनिधी

उजव्या शंखाबद्दल. पिळाची दिशा नोंदवायची एकच पद्धत ठेवा: टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला उघडत असेल तर उजवा पीळ. निसर्गातल्या गोगलगायवर्गीय शिंपल्यांपैकी बहुतांश उजव्या पिळाचे असतात. धार्मिक परंपरेतलं दक्षिणावर्ती-वामावर्ती हे नामकरण याच्या नेमकं उलट चालतं, म्हणून नोंदीत ते शब्द वापरू नका. पुढचा माणूस उलटं वाचेल.

मात्र वास्तुनक्षीत निसर्गापेक्षा समतोल मोठा. दरवाजाच्या दोन बाजूंना जोडी असेल तर एक आरशातला असणं अगदी सामान्य आहे, पण ते गृहीत धरू नका. पुरावा तुमच्याकडच्या खड्ड्यात आहे. तिरपा प्रकाश टाकून खड्ड्याची बाह्यरेषा ट्रेसिंग कागदावर घ्या, डाव्या शंखाच्या बाह्यरेषेचा कागद सरळ आणि पालथा असा दोन्ही प्रकारे त्यावर ठेवा. खिळ्यांची भोकंही जुळवून बघा. शंख असममित असतो, म्हणून दोहोंपैकी एकच नीट बसतो. जुनी छायाचित्रं मिळाली तर उत्तम, पण छापताना उलटलेली नाहीत ना ते एखाद्या पाटीवरच्या अक्षरांवरून तपासा.

आरशातला निघाला तर साचा निरुपयोगी. साच्यातून नेहमी तसाच शंख निघतो, उलटा कधीच नाही. मग दोन वाटा. एक, मूर्तिकाराने मातीत नव्याने घडवणं. दुसरी, डाव्याचं छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रारूप करून संगणकात उलटवणं. त्यासाठी ढगाळ प्रकाशात ६० ते ८० छायाचित्रं, शेजारच्या दोन छायाचित्रांत ६० ते ७० टक्के भाग सामाईक, चौकटीत मोजपट्टी, आणि तोंडाच्या आतल्या बाजूसाठी वेगळी जवळची फेरी. मोजपट्टी विसरली तर प्रारूप सुंदर येतं पण आकार कोणता ते कळत नाही. छापलेल्या किंवा कापलेल्या नमुन्यावर थरांच्या रेषा राहतात, त्या हाताने घासून वर चुन्याच्या पातळ हाताने पृष्ठभाग आणावा लागतो. तेवढा वेळ आराखड्यात धरा.

संदर्भ म्हणून बघायचं तर समुद्री नक्षीची शैली काळाप्रमाणे बरीच बदलते, आणि तुमची इमारत कुठे बसते ते कळलं की रिकाम्या जागा भरताना चुका कमी होतात. रोममधल्या वास्तुकार ब्रामान्तेच्या टेम्पिएत्तो या छोट्या गोल प्रार्थनास्थळाचे शिंपले-कोनाडे शांत आणि काटेकोर सममित आहेत. स्पेनमधल्या सालामांकाच्या कासा दे लास कोंचास या वाड्यावर (१४९३ ते १५१७) तीनशेहून अधिक शिंपले सपाट भिंतीवर तिरप्या ओळींत मांडलेत. तिथला परिणाम मांडणीचा आहे, एकट्या शिंपल्याचा नाही. शिल्पकार बेर्निनीच्या रोममधल्या ट्रायटन (समुद्रदेव) कारंज्यात (१६४२-४३) शिंपला स्वतःच आसन होतो. रोकोकोत, म्हणजे अठराव्या शतकातल्या युरोपीय अलंकृत शैलीत, सममिती जाणूनबुजून मोडली जाते, कडा कुरतडल्यासारख्या होतात. आणि कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या १९३० च्या मरीन बिल्डिंगवर खेकडे, समुद्रघोडे, कासवं टेराकोटात, आर्ट डेको या त्या काळातल्या भौमितिक शैलीच्या चपट्या उठावात येतात. तुमच्याकडे सममित पंख्याचे शिंपले आणि झिलईचे समुद्रघोडे एकत्र आहेत. म्हणून दोन्ही एकाच वेळचे आहेत की पट्टा नंतरचा, हे सांध्यांवरून तपासाच.

---

सुरखी

आता साचा आणि ओतकाम. साचा मूळ शिंपल्यावर घ्यायला माझी हरकत नाही, पण उरलेल्यांतल्या सगळ्यात कमी झिजलेल्या शिंपल्याचा घ्या आणि रंग उतरवल्यानंतरच. रंगावर घेतला तर रंगाचा जाडसरपणाही साच्यात उतरतो आणि नवा शिंपला कायम सुजलेला दिसतो.

सिलिकॉन रबर सच्छिद्र चुन्यावर थेट लावू नका. त्यातलं तेल आत झिरपतं आणि काळपट डाग राहतो, तो जवळजवळ निघत नाही. आधी मिथाइल सेल्युलोजसारखा पाण्याने निघणारा आडपडदा द्या आणि लपलेल्या जागी रुपयाएवढ्या भागावर चाचणी घ्या. टिनने घट्ट होणारं सिलिकॉन काही दिवसांत अर्धा-एक टक्का आकसतं, म्हणून साचा लगेच वापरा. प्लॅटिनमवालं जवळजवळ आकसत नाही, पण गंधकाला ते घाबरतं. काठाचा बांध गंधक असलेल्या मॉडेलिंग मातीचा केला तर तेवढ्या कडेला रबर कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतं. साधी शाडूची माती वापरा.

किती लागेल: ४५ बाय ४० च्या पंख्याचं क्षेत्र साधारण ०.१३५ चौ. मीटर. उठावामुळे ते १.३ पट धरा, भोवती ५ सें.मी. काठ, मिळून पाव चौ. मीटर. ८ मि.मी. जाडीला २ लिटर, म्हणजे सव्वादोन किलो. अडीच किलो आणा. पहिला हात पातळ, मऊ ब्रशने धारांच्या कुशीत दाबत, नाहीतर बुडबुडे राहतात आणि नव्या शिंपल्यावर चामखिळीसारखे दाणे येतात. मग दाट केलेले दोन हात, मधे जाळीचं कापड. बिजागरीच्या दोन बाजूंच्या कानांमागे खाच असते, ती आधी रबरानेच भरून घ्या. वरचं कवच प्लास्टरचं, तागाचे धागे घालून, दोन किंवा तीन तुकड्यांत. एकसंध केलं तर कानात अडकतं आणि काढताना कान तुटतो. मूळ शिंपल्याचा.

ओतायला साधी चुन्याची पुट्टी चालत नाही. बंद साच्यात हवाच पोचत नाही, मग ती घट्ट होणार कशी? एनएचएल ३.५ हा पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना घ्या, किंवा मुरलेल्या चुन्यात बारीक विटेची सुरखी. प्रमाण पुस्तकातून घेऊ नका, तुमच्या वाळूतून काढा. एक भांडं कोरड्या, चाळलेल्या, मिठाविना वाळूने काठोकाठ भरा, पाणी मोजून ओता, पृष्ठभागावर पाणी दिसलं की थांबा. जेवढं पाणी बसलं तेवढी पोकळी, आणि ती भरायला तेवढा चुना. सहसा १ ला २.५ ते ३ येतं. ३५ मि.मी. सरासरी जाडीच्या एका शिंपल्याला पावणेपाच लिटर माल लागतो. वाया जाणारा धरून ५.५ लिटर वाळू, २.२ लिटर चुना. पाणी शक्य तितकं कमी, दाबून भरा, ओतून नव्हे. जास्त पाण्याचा माल आकसतो आणि तडा बरोबर पन्हळीच्या तळात, सगळ्यात पातळ जागी पडतो.

तीन ते पाच दिवसांनी साचा सोडवा, मग ओल्या गोणपाटात किमान चार आठवडे, उन्हापासून आणि वाऱ्यापासून दूर. घाई केलेला शिंपला बाहेरून टणक आणि आतून भुसभुशीत राहतो. बरोबरीने त्याच मालाची एक वीट करून ठेवा आणि ती मोडून ताज्या कडेवर फिनॉल्फथॅलीनचा थेंब टाका. गुलाबी भाग अजून अल्कली आहे, रंगहीन भाग हवेने पक्का झालाय. सीमा किती आत सरकली ते दिसतं.

---

कोनाडा

@सुरखी, म्हणजे एका शिंपल्याचं वजन नऊ किलोच्या आसपास होईल. तो खिडकीच्या डोक्यावर नुसत्या चुन्यावर टिकेल? आणि तडकलेले तीन काढून नवे लावायचे की तेच जोडायचे?

---

सुरखी

नुसत्या चुन्यावर नको, खाली माणसं चालतात. ३१६ दर्जाच्या स्टेनलेसच्या ६ मि.मी. पिना, दोन, शिंपल्याच्या वरच्या भागात जिथे जाडी ५० च्या वर आहे तिथे. भिंतीत ७५ ते ८०, शिंपल्यात २५. दोन्ही पिना समांतर नकोत. एकमेकींपासून १५ अंश फाकवा, म्हणजे शिंपला सरळ ओढून निघत नाही. भोक बाहेरून आत किंचित उतरतं ठेवा, नाहीतर भरलेला माल परत वाहून येतो. रेझिन वापरायचंच तर फक्त भोकाच्या आतल्या टोकाला. शिंपल्याच्या पूर्ण पाठीला फासलं तर मागचा ओलावा कोंडतो आणि दोन-चार पावसाळ्यांत पाठच सुटते. पाठीला भिंत भिजवून चुन्याचाच पातळ थर.

तडकलेले तीन काढू नका. मूळ माल हातात असताना नक्कल कशाला? लोखंड तड्याच्या रेषेतूनच बाहेर काढा, त्यासाठी तुकडा सुटा करावा लागला तर क्रमांक टाकून करा. लोखंडाची जागा धुवून, स्टेनलेस पीन बसवून, तुकडे परत जोडा. बारीक तडे चुन्याच्या पातळ ग्राउटने (आत सोडायचा पातळ माल), आधी थोडं पाणी आत सोडून. नवा शिंपला फक्त एकच, गळून गेलेला.

---

ओळंबा

@सुरखी यांच्याशी सहमत, एका मुद्द्यावर मात्र जोर देतो. उरलेल्या सात शिंपल्यांच्या बोथट धारा पुन्हा तीक्ष्ण करू नका. नवा शिंपला सगळ्यात शाबूत जुन्यावरून आला की तो बाकीच्यांपेक्षा थोडा उठून दिसेलच. त्याच्या धारांवर ओल्या फडक्याने एक हात फिरवला की पुरे. उलट केलं, म्हणजे सातही नव्या मालाने उकरून सारखे केले, तर पुढे मूळ आकार कुठेच उरत नाही.

आणि पाण्याचा रस्ता बघा. उठावातल्या शिंपल्याची वरची कड आणि भिंत यांच्या सांध्यात पाणी थांबतं. तिथे चुन्याचा छोटा तिरपा कोन भरा, पुढे उतरता. खालच्या कडेला मागच्या बाजूने बारीक खाच ठेवली तर थेंब तिथेच तुटतो आणि भिंतीवर ओघळत नाही. जुन्या शिंपल्यांच्या पाठीला ही खाच बहुधा असते, पण रंगाने भरलेली.

काळा थर कुठे आहे तेही वाचा. पाऊस लागतो त्या धारा पांढऱ्या, आणि आडोशाच्या पन्हळी काळ्या, असं दिसलं तर ती शहरी हवेतल्या गंधकाने चुनखडीवर बनलेली जिप्समची खपली आहे. आम्ल किंवा वाळूचा मारा केला तर खपलीबरोबर तीक्ष्णपणाही जातो. पाण्याच्या बारीक तुषाराने मऊ होऊ द्या, मग मऊ ब्रश. लोणा असेल तर कागदाच्या लगद्याचा लेप शुद्ध पाण्यात भिजवून लावा, पूर्ण वाळू द्या, काढा, पुन्हा लावा. भिजवून धुतलं तर मीठ आणखी आत जातं.

---

झिलई

छज्जाखालच्या पट्ट्याबद्दल कुणी बोललं नाही, तर ते मी लिहिते.

पोकळ वाजणं हा टेराकोटात दोष नाही. हे ठोकळे पाठीमागून पोकळच असतात, आत आडव्या-उभ्या भिंती असतात, कवच साधारण २५ ते ३० मि.मी. शेजारचे ठोकळे एका सुरात वाजत असतील तर ठीक. एखादा बद्द वाजला तर तो तडकलाय किंवा आत पाणी साचलंय. सगळ्या ठोकळ्यांना लाकडी मोगरीने हलकेच वाजवून नकाशावर खुणा करा.

झिलई उडण्याचं कारण बहुतेक वेळा झिलई नसते. पाणी सांध्यातून किंवा छज्जाच्या वरून आत जातं, झिलईतून बाहेर पडू शकत नाही, तिच्यामागे मिठाचे स्फटिक होतात आणि ती पापुद्र्यांनी उडते. म्हणून आधी छज्जाची गळती आणि सांधे. सांधे ठोकळ्यापेक्षा मऊ चुन्याच्या मालाने भरा. सिमेंटने भरले तर उष्णतेने फुगणारा ठोकळा सरकू शकत नाही आणि त्याचीच कड फुटते. वरून पाणीरोधक वॉर्निश मारायचा मोह टाळा, पाणी कोंडण्यात त्याची भर पडते. झिलई गेलेल्या छोट्या जागा चुन्याच्या बारीक लेपाने भरून सिलिकेट रंगाने जुळवा. चकाकी थोडी कमी येईल, पण श्वास चालू राहील.

एखादा समुद्रघोड्याचा ठोकळा नवा भाजायचा झाला तर साच्याचा मोठा सापळा इथे आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते, साधारण बाराव्या भागाइतकी, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. जुन्या ठोकळ्यावरून थेट साचा घेऊन माती भरली तर ३०० चा ठोकळा २७६ चा निघतो, आणि सांधा दोन बोटं रुंद होतो. मूळ नमुना मोठा करावा लागतो: ३०० भागिले ०.९२, म्हणजे ३२६. नेमका आकडा मातीवर आहे, म्हणून त्याच मातीची १०० मि.मी. खूण केलेली पट्टी आधी भाजून मोजा. रंगाच्या नमुन्यांसाठीही तीच पट्टी वापरता येते. निळसर-हिरवा भट्टीतल्या हवेप्रमाणे बदलतो, पाच-सहा चाचण्या धराच. नमुना दिवसाच्या प्रकाशात, भिंतीवरच्या उंचीवर धरून बघा, टेबलावर नाही.

---

कोनाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रेसिंग करून पाहिलं: उजव्या खड्ड्यात पालथा कागदच बसतो, म्हणजे शंख आरशातला होता. लाटांचे दोन तुकडे परस्परविरुद्ध वळलेले आहेत, आणि दोघांचंही कोपऱ्यापासूनचं अंतर १८५ च्या पटीत येतंय, म्हणून ४० घेतो. एक शेवटचं. खिडकीची चौकट आणि शिंपल्याच्या खालची कड यांमधली फट ठेकेदार सिलिकॉन सीलंटने भरणार म्हणतोय. चालेल?

---

झिलई

सीलंटच्या नळीचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर नको. तो घट्ट होताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो, आणि चुना, चुनखडी, खरे शिंपले, सगळे कॅल्शियम कार्बोनेटच, आम्लाने खाल्ले जाणारे. कड पांढुरकी भुसभुशीत होते आणि सीलंट चुन्यासकट सुटून येतो. चौकट लाकडी असेल तर तागाचे धागे ठासून वर चुन्याचा माल पुरतो. चौकट धातूची असेल आणि हालचाल जास्त असेल तर न्यूट्रल प्रकारचा, म्हणजे आम्ल न सोडणारा सीलंट घ्या, फटीत आधी गोल फोमची दोरी दाबून, म्हणजे तो फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि मागे नाही. फट ६ मि.मी.पेक्षा अरुंद असेल तर काहीच भरू नका. शिंपल्याखालची ओळंबा यांनी सांगितलेली खाच मोकळी ठेवा, पाणी तिथूनच खाली पडतं.